बोरघाटाचा रोजमुरा

लोणावळ्याच्या वेशीला लागून असलेले कुसगाव हे मावळातील एक गाव. बखरींत किंवा शाळेच्या इतिहासात त्याचे नाव सहसा आढळावयाचे नाही. तथापि मुंबईहून पुण्यास जाणारा प्रत्येक नवा मार्ग घाट चढून वर आला की, याच टापूत विसावा घेतो. २०१९ साली द्रुतगती मार्गाचा घाटातील वळसा चुकविण्यासाठी डोंगर पोखरून सुमारे १३ किलोमीटरांचा जो रस्ता काढण्यास आरंभ झाला, त्याचे खालचे टोक खोपोलीकडे आणि वरचे टोक कुसगावाशी ठेवलेले आहे. त्यापूर्वी २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्याच्याही पूर्वी, १८६३ साली, आगगाडी घाट चढली. आणि तिच्याही आधी, १८३० साली, सर जॉन माल्कम या गव्हर्नराने बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला. दोनशे वर्षांत एकाच कड्यावर माणसाने इतक्या वेळा हात चालविला, अशी स्थळे महाराष्ट्रात फार नाहीत.

या कामांची वर्णने विपुल आहेत. बोगदे किती, पूल किती, चढ किती, उद्घाटन कोणी केले, हे सारे आपणांस सापडते. परंतु ज्याने पहार धरली आणि जिने पाटी उचलली, त्यांस दिवसाकाठी काय मिळावयाचे, ते कोणी ठरवावयाचे, आणि ठरलेले त्यांच्या हाती पडते की नाही हे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न बहुधा तळटीपेतही येत नाही. वस्तुतः ही कामे खाजगी मालकाच्या हौसेची नव्हेत. त्यांचा पैसा या ना त्या वाटेने रयतेच्या खजिन्यातून गेलेला आहे. तेव्हा सरकार ज्या वेळी मजूर लावते, किंवा कंत्राटदाराकरवी लावविते, त्या वेळी त्याने मजुरी बाजारात मिळेल तितकी स्वस्त घ्यावी, की त्या भागात त्या कामाचा जो चालू आणि रास्त रोज असेल तितका दिलाच पाहिजे असे बंधन स्वतःवर घालून घ्यावे? पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावर ठराव झाले, कायदे झाले. आपल्याकडे तो प्रश्न प्रथम रक्तारक्तीच्या रूपाने उभा राहिला, आणि तोही याच घाटात.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. इमारतीच्या कामावर जो अकुशल मजूर असतो त्यास आपण बिगारी म्हणतो. गवंडी निराळा, सुतार निराळा, आणि या सर्वांच्या हाताखाली माल वाहणारा तो बिगारी. आज बिगाऱ्यास रोज मिळतो. पण मूळचा शब्द बिगार. म्हणजे मोबदल्यावाचून करून घेतलेले काम. किल्ल्याची डागडुजी, साहेबाच्या किंवा सरदाराच्या सामानाची ने-आण, रस्त्यावरील झाडझूड यांसाठी गावोगावची माणसे वेठीस धरली जात. पोटाला भाकरी मिळाली तर पुष्कळ झाले, अशी समजूत असे. राज्ये पालटली, वेठ हळूहळू मागे पडली आणि तिच्या जागी रोजमुरा आला. पण बिगार हा शब्द मात्र मजुराला चिकटून राहिला. भाषा कधी कधी इतिहासकारापेक्षा अधिक प्रामाणिक असते. या शब्दाकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार १८४९ च्या ऑगस्टात झाला. या कराराचे मर्म असे की, भागीदारांनी घातलेल्या भांडवलावर दरसाल शेकडा ५ व्याज मिळेल याची हमी सरकारने दिली. रेल्वेचे उत्पन्न तितके झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघावयाची. म्हणजे कंपनी खाजगी, नफा खाजगी, जोखीम मात्र सार्वजनिक. दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी या हमीवर टीका केली आहे, आणि ती यथार्थ आहे. पण टीकाकारांच्याही नजरेतून एक गोष्ट बहुधा निसटली. त्या करारात लंडनमधील भागीदाराच्या पाच टक्क्यांची तरतूद होती. घाटात सुरुंग लावणाऱ्या माणसाच्या रोजाविषयी तशी कोणतीही हमी नव्हती.

बोरघाटाच्या कामास १८५६ च्या आरंभी सुरुवात झाली. मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली. कंत्राट विल्यम फॅविएल याचे; मुंबई-ठाणे ही पहिली आगगाडी ज्या मार्गावरून १८५३ साली धावली, त्या मार्गाच्या बांधणीतही याचा भाग होता. काम कसे होते, याची कल्पना आजच्या प्रवाशास खिडकीतून येणार नाही. जवळजवळ १६ मैलांत लोहमार्ग १,८३१ फूट चढवावयाचा होता. पंचवीस बोगदे खणावयाचे होते, आणि दऱ्यांवर कमानींचे उंच पूल बांधावयाचे होते. कित्येक ठिकाणी कडा इतका सरळ होता की, माणसांस वरून दोराने सोडून, लोंबकळत्या स्थितीत, कातळाला सुरुंगाची भोके पाडावी लागत. मावळातला पाऊस सर्वांस ठाऊक आहे. जूनपासून कामाचा मोठा भाग बंद पडे, मजूर आपापल्या गावी पेरणीस जात, आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा जमवाजमव करावी लागे. शिवाय पटकीची साथ. १८५९-६० च्या हंगामात तिने घाटातील वस्त्यांत हाहाकार उडविला.

अशा कामावर माणसे येत ती रोजाच्या आशेने, आणि हा रोज त्यांच्या हाती कसा पोहोचे ते पाहण्यासारखे आहे. कंपनीने पैसे द्यावयाचे कंत्राटदारास. त्याने तुकड्या तुकड्यांचे काम सोपवावयाचे पोटकंत्राटदारांस. त्यांनी गाठावयाचे मुकादम. मुकादमाने गावाकडे जाऊन, चार पैसे उचल देऊन, टोळी उभी करून आणावयाची. काम बहुतेक उक्ते. म्हणजे किती माती उपसली, किती कातळ फोडला, याचे माप घेऊन त्यावर हिशेब. माप घेणारा साहेबाचा माणूस, हिशेब लिहिणारा कारकून, पैसे वाटणारा मुकादम. आणि ज्याचे माप घेतले जाई त्यास बहुधा लिहिता वाचता येत नसे. या उतरंडीत प्रत्येक मडके थोडेथोडे गळत असे आणि सर्वांत खालच्या मडक्यात काय उरे ते सांगावयास नको. त्यातून वरचे मडकेच कोरडे पडले तर? कंत्राट ठरल्या किंमतीचे असते. डोंगर अपेक्षेपेक्षा कठीण निघाला, माणसांचा तुटवडा पडला, हंगाम बुडाला, तर तोटा कंत्राटदाराचा. त्यास पोलादाचा भाव कमी करता येत नाही, सुरुंगाच्या दारूचा करता येत नाही. जी एक गोष्ट त्याच्या हाती असते ती मजुरी. ती त्याने उशिरा द्यावी, कमी द्यावी, किंवा मापात काटावी.

१८५९ च्या जानेवारीत नेमके हेच झाले. मजुरी थकली होती. कबूल केलेल्या दराप्रमाणे पैसे मिळत नाहीत, अशी तक्रार होती. जमाव जमला, कंत्राटदाराच्या युरोपियन नोकरांशी चकमकी झाल्या. अवघ्या दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडे बंडाचा वणवा पेटला होता. तेव्हा घाटातील हजारो माणसांच्या हातात पहारी आणि जवळ सुरुंगाची दारू आहे, या विचाराने सरकार किती दचकले असेल याची कल्पना करावी. चौकशी झाली, आणि गाऱ्हाण्यात तथ्य असल्याचे दिसून आले. त्याच वर्षीच्या मार्चात फॅविएलने कंत्राट सोडून दिले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगितली तरी चालेल. कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस हिने माघार न घेता अॅडमसन व क्लाउझर या दोन इंजिनियरांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२,००० हून अधिक माणसे काम करीत होती. ज्या ठिकाणी रोज बुडतो अशी बोभाट झाली, तेथे इतकी माणसे पुन्हा येत नाहीत. तेव्हा मजुरी वाटण्याची रीत मधल्या काळात काहीशी सुधारली असली पाहिजे, असा तर्क केला तर वावगे होणार नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कली तो दिवस पाहण्यास राहिला नव्हता.

दंग्याचे खरे फळ मात्र निराळे आहे. १८६० साली कायदे कौन्सिलाने नववा कायदा केला; रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामे यांवरील मजूर आणि त्यांचे मालक यांच्या तंट्यांचा झटपट निकाल लावण्यासाठी. सार्वजनिक बांधकामावरील मजुराच्या रोजाची या देशात कायद्याने घेतलेली ही बहुधा पहिली दखल होय. मजुराने मॅजिस्ट्रेटपुढे जावे, आपला थकलेला रोज मागावा, आणि त्याचा निकाल दिवाणी दाव्यासारखा वर्षानुवर्षे लांबू नये, ही कल्पना उत्तम होती. परंतु या कायद्याची दुसरी धार मजुरावरच चालणारी होती. कबूल केलेले काम सोडून जाणाऱ्या मजुरास फौजदारी शिक्षा होऊ शके. मालकाने करार मोडला तर पैशाचा वाद, मजुराने मोडला तर गुन्हा! आदल्याच वर्षी, म्हणजे १८५९ साली, तेरावा कायदा होऊन, उचल घेऊन पळणाऱ्या कारागिरास तुरुंगाची वाट दाखविण्यात आलीच होती. तो १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. आणि १८६० चा हा नववा कायदा, १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने मजुरांच्या स्थितीची पाहणी केल्यानंतर, १९३२ साली पुस्तकातून गेला. या कमिशनात नारायण मल्हार जोशी होते, हे मराठी वाचकांस स्मरत असेलच.

एक गोष्ट मात्र १८६० च्या कायद्यात मुळीच नव्हती. ती ही की, रोज किती असावा. जो ठरला असेल तो मिळावा, इतकेच. दर ठरविण्याचे काम बाजारावर सोपविलेले. आता बाजार म्हणजे काय? पुण्यात, मुंबईत गवंड्याचा रोज चार ठिकाणी चौकशी करून सांगता येईल. पण १८५६ साली खंडाळ्याच्या कड्यावर बाजार कोठला? तेथे एकच मालक, एकच काम, आणि रोजाचा दर तोच ठरविणार. सरकारी पैशावर चालणारे मोठे काम एखाद्या मुलखात आले की तेच त्या मुलखाचा बाजार बनते. ते चालू दरास मान देते असे म्हणणे अपुरे आहे. चालू दर तेच घडविते. त्याने हात आखडला तर सबंध तालुक्याची मजुरी उतरते, आणि सढळ ठेवला तर शेतावरील गड्याचाही रोज चढतो. यामुळेच सार्वजनिक कामावरील रोज हा नुसता खात्याच्या हिशेबाचा विषय राहत नाही.

याचे विदारक उदाहरण १८७६-७७ च्या दुष्काळाने दाखविले. दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसे आली. त्यांस द्यावयाचा रोज हा कामाचा मोबदला नव्हेच, तो केवळ जीव धरण्यापुरता शिधा, अशी त्या वेळच्या अर्थनीतीची धारणा होती. तो चालू मजुरीहून कमीच पाहिजे, नाही तर लोक गरज नसता कामावर येतील! सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी हा रोज दिवसास एक पौंड धान्य आणि वर मीठमिरचीस एक आणा, इतका खाली आणला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी, इतक्यावर काम करणारा माणूस जगणार नाही, असा आक्षेप घेतला. आपल्या इलाख्यात या नव्या दराविरुद्ध मजुरांनी कामे सोडली. जथेच्या जथे उठून चालते झाले. उपाशी माणसाने अन्न देणाऱ्या कामावर बहिष्कार टाकावा, यातच त्या रोजाची किंमत कळते. गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराखालील पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. सभेच्या राजकारणाचा इतिहास लिहिणारे या अर्जांचा उल्लेख करतात. पण त्यांचा विषय, म्हणजे सरकारी कामावरील मजुराचा रास्त रोज, हा मात्र उल्लेखात राहत नाही.

याच सुमारास पुण्याच्या परिसरात दुसरे एक गृहस्थ हा व्यवहार अगदी आतून पाहत होते. जोतीराव फुले यांनी सरकारी बांधकामाची कंत्राटे घेतलेली होती. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध आला. बांधकाम खात्यातील कारकून आणि हाताखालचे अधिकारी मजुरांस आणि कंत्राटदारांस कसे नाडतात हे त्यांनी पाहिले होते, आणि ते लिहावयास ते कचरले नाहीत. सभेचे अर्ज इंग्रजीत गेले, फुल्यांचे लिखाण मराठीत राहिले. दोन्ही एकत्र ठेवून वाचली तर प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. सभा विचारीत होती की दर किती. फुले विचारीत होते की त्यातला मजुराच्या हाती किती.

आता क्षणभर समुद्रापलीकडे पाहू. १३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडनी बक्स्टन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश कॉमन्स सभेने ठराव केला की, सरकारी कंत्राटे देताना, त्या त्या धंद्यात कुशल कामगारास जी मजुरी चालू म्हणून मानली जाते ती दिली जाईल अशी तजवीज करावी, आणि कंत्राटावर पोटकंत्राट चढवून मजुरांचे रक्त शोषण्याची रीत बंद करावी. हा कायदा नव्हता, नुसता ठराव. पण तो १९०९ व १९४६ साली सुधारला जाऊन नव्वदाहून अधिक वर्षे टिकला आणि १९८३ साली मागे घेतला गेला. त्याच १८९१ साली अमेरिकेतील कॅन्सस संस्थानाने तशाच अर्थाचा कायदा केला. लक्षात घेण्यासारखे हे की, ज्या पार्लमेंटाने लंडनच्या गवंड्यासाठी हा ठराव केला तेच पार्लमेंट हिंदुस्थानच्याही बांधकाम खात्याचे अंतिम धनी होते. परंतु आपल्याकडील सरकारी कंत्राटांत रास्त मजुरीचे कलम यावयास आणखी अर्धे शतक लागले.

अमेरिकेचा १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा हा या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध आविष्कार. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे, आणि सर्वस्वी उजळ नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळ बांधावयाचे होते. अलाबामाच्या एका कंत्राटदाराने कमी रकमेचे टेंडर भरून ते काम मिळविले, आणि दक्षिणेकडून स्वस्त मजूर आणून ते केले. स्थानिक कामगार हात चोळीत बसले. तेथील प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी १९२७ साली पहिले बिल आणले. चार वर्षांनी, मंदीच्या ऐन भरात, ते कायद्याच्या रूपाने मंजूर झाले. संयुक्त सरकारच्या बांधकामावर त्या गावी त्या धंद्याचा जो प्रचलित दर असेल त्याहून कमी देता येणार नाही, असे ठरले. तत्त्व निर्दोष. परंतु दक्षिणेकडून आणलेले ते स्वस्त मजूर बहुतांशी काळे होते. आणि ज्या गोऱ्या कारागिरांच्या संघांनी दर ठरविले होते, त्यांतील बहुतेकांत काळ्यांस प्रवेश नव्हता. तेव्हा या कायद्याने मजुरीचे रक्षण केले की परक्यांस दाराबाहेर ठेवले, हा वाद तेथे अद्याप चालतो. माझ्या मते त्याने दोन्ही केले. दर राखणारे कुंपण घालावयाचे तर त्यास फाटकही ठेवावे लागते.

आपल्याकडे या तत्त्वाची अडचण निराळी होती. प्रचलित दर द्या, असे म्हणावे. पण जेथे प्रचलित दरच अन्यायाचा असेल तेथे काय करावयाचे? आपल्या खेड्यात रोज ठरत असे तो केवळ मागणीपुरवठ्याने नव्हे. बाईचा रोज पुरुषाहून कमी, हा रिवाज. अमक्या जातीने अमके काम बलुत्यात करावयाचे, हाही रिवाजच. अशा रिवाजास सरकारी कंत्राटात कलम म्हणून गोठविले तर ते न्यायाचे कलम होणार नाही. म्हणून आपल्या कायद्याचा ओघ प्रचलित दराकडून किमान दराकडे वळला, आणि तो वळविणाऱ्यांत एका मराठी माणसाचा हात मोठा आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. केंद्रीय बांधकाम खाते त्या काळी याच मजूर खात्याखाली असे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणजे मजुरांचा कैवारी आणि देशातील सर्वांत मोठ्या बांधकाम-मालकांपैकी एक, या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या होत्या. १९४४ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी रेगे समिती नेमली गेली. कंत्राटी मजुरीचा प्रश्न तिने तपासला. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे बिल आंबेडकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, आणि १९४८ साली स्वतंत्र हिंदुस्थानात त्याचा कायदा झाला. ज्या धंद्यांस तो प्रथमपासून लागू झाला त्यांच्या यादीत रस्ते बांधणे व दुरुस्त करणे, इमारतकाम, आणि दगड व खडी फोडणे ही कामे आहेत. ज्या कामांनी बोरघाट उभा राहिला, तीच ही कामे.

पुढच्याच वर्षी, १९४९ साली, जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने सरकारी कंत्राटांतील मजुरीच्या कलमांविषयी ९४ वा संकेत संमत केला. भारताने त्यास मान्यता दिली नाही. तरीही केंद्रीय बांधकाम खात्याच्या करारनाम्यात रास्त वेतनाचे कलम आले. आणि १९७० च्या कंत्राटी मजूर कायद्याने त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने भरून द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करून घ्यावी. शिवाय मजुरी वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी समक्ष हजर असावा. १८५९ साली घाटातल्या मजुरास नेमके हेच हवे होते. फॅविएलकडे पैसे नाहीत, तर रेल्वे कंपनीने द्यावेत, इतके साधे त्याचे म्हणणे होते. कायद्यास ते समजावयास १११ वर्षे लागली.

कायदा पुस्तकात आला म्हणजे तो कामावर आला, असे नव्हे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडांगणे आणि उड्डाणपूल घाईने उभे राहत होते. सरकारी काम, सरकारी पैसा, राष्ट्राची प्रतिष्ठा. किमान रोज ९ रुपये २५ पैसे. तो कंत्राटदार देत, पण जमादारांच्या हाती. आणि जमादार दर माणशी दर दिवशी एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेत. मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये. मुकादमाचे नाव बदलले होते, उतरंड तीच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात म्हटले की, राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बिगार आणि वेठ यांस बंदी केलेली आहे. आणि जो माणूस किमान वेतनाहून कमी रोजावर राबतो तो आपल्या खुशीने राबत नाही, त्यास भूक राबविते. म्हणून तीही वेठच होय. मागे ज्या शब्दाचा निर्देश केला तो येथे आपल्या मूळ अर्थाने परत आला. कायद्याने ठरविलेल्या रोजाहून एक रुपया कमी पडला की बिगारी पुन्हा बिगारीत गेला.

दुसऱ्याच वर्षी, १९८३ साली, राजस्थानातील एका रस्त्याच्या दुष्काळी कामाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. दुष्काळी काम म्हणजे उपकाराचे काम, तेथे किमान वेतन कशास, असा राज्य सरकारचा पवित्रा होता. न्यायालयाने तो नाकारला. माणसाच्या श्रमातून सरकारास रस्ता मिळतो, मग तो भिक्षा कशी? सर रिचर्ड टेंपल यांच्या एका पौंडाचे तत्त्व शंभरावर वर्षांनी असे मोडीत निघाले. आपल्या महाराष्ट्रास या निकालाचे महत्त्व विशेष होते. १९७२-७३ च्या अवर्षणात आपल्याकडे दुष्काळी कामांवर लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडीत होते, आणि त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रेरणेची रोजगार हमी योजना पक्की होऊन १९७७ च्या कायद्यात आली. सरकारने काम देण्याची हमी घ्यावी, हा विचार महाराष्ट्राने देशास दिला. दराचा झगडा मात्र तेथेही चुकला नाही; कामाचे माप, मापावर दर, आणि आठवडाभर खडी फोडूनही हाती पडणारा अपुरा रोज, या तक्रारी त्या योजनेच्या इतिहासात पानोपानी आहेत. खडीच्या ढिगाचे माप घेणारी टेप ही साधी वस्तू. पण तिच्या एका टोकाशी कोण उभा आहे यावर एका कुटुंबाची चूल अवलंबून असते.

हा खर्च कोणी सोसावयाचा, असे विचारणारे लोक आहेत, आणि त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पैसा रयतेचा, मजुरी वाढली की शंभर मैल रस्त्याच्या जागी नव्वदच मैल होईल, मग ज्या दहा मैलांवर रस्ता झाला नाही तेथील खेडुताचे काय? मला यास दोन उत्तरे सुचतात. पहिले असे की, सर्वांत कमी रकमेच्या टेंडरास काम द्यावयाचे, आणि मजुरीस तळ नसावयाचा, म्हणजे मजुरास अधिकांत अधिक पिळण्याची तयारी असणाऱ्यासच काम द्यावयाचे. प्रामाणिक कंत्राटदार या चढाओढीत प्रथम बाद होतो. दर सर्वांस सारखा बांधून दिला म्हणजे चढाओढ यंत्राची, कौशल्याची आणि व्यवस्थेची राहते; आणि सरकारास हवी असते ती हीच. दुसरे उत्तर बोरघाटाचे. थकलेल्या रोजाने तेथे काय वाचले? काम अडले, कंत्राट मोडले, नवा कंत्राटदार शोधावा लागला, हंगाम वाया गेला. तो सारा तोटा शेवटी पाच टक्क्यांच्या हमीतून हिंदुस्थानच्या रयतेनेच भरला. मजुरास न दिलेला पैसा खजिन्यात शिल्लक राहतो असे नाही; वाटेतील मडक्यांत तो मुरतो.

१९४८, १९७० आणि त्यानंतरचे हे निरनिराळे कायदे आता स्वतंत्रपणे उरलेले नाहीत. २०१९ व २०२० साली संसदेने त्यांची चार संहितांत मोट बांधली, आणि त्या संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. नव्या वेतनसंहितेत देशभर एक पायाभूत वेतन केंद्राने ठरवावे, आणि राज्यांचे किमान दर त्याखाली जाऊ नयेत, अशी तरतूद आहे. कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते मूळ मालकाने भरण्याची जबाबदारीही तीत राखलेली आहे. पण प्रचलित दराचा जुना प्रश्न, म्हणजे कोठला दर, हा तिने मिटविलेला नाही. महाराष्ट्रात किमान वेतन आजवर परिमंडळवार ठरत आले. मोठ्या शहराचा आकडा एक, लहान गावाचा दुसरा. डोंगरातल्या कामावरील माणसे तर तिसऱ्याच मुलखाची असतात. त्यांच्या गावचा दर याहूनही खाली, आणि मुकादम त्यांस आणताना मनात धरतो तो बहुधा तोच. खोपोली रायगड जिल्ह्यात, कुसगाव पुणे जिल्ह्यात. एका टोकास औद्योगिक नगर, दुसऱ्या टोकास ग्रामपंचायत. मधल्या काळोखात खडक फोडणाऱ्याच्या हजेरीपटावर यांपैकी कोणत्या ठिकाणचा रोज मांडावयाचा, हे टेंडर काढतानाच लिहून ठेवावे लागते. कारण काम सुरू झाल्यावर तो प्रश्न विचारावयाचा तर फक्त मुकादमास विचारता येतो.